नऊ नंबरची पेटी

२ ऑगस्ट

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायला निघाली असशील. फाड, तुझा हक्क आहे, पण आधी वाच. दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तू ‘हॅलो’ म्हणालीस, मी ‘बारके’ म्हणालो आणि तू रिसीव्हर आपटलास. लहानपणी दार आपटायचीस अगदी तसा. कान अजून दुखतोय.

काही विशेष नाही, सहज लिहितोय. मेहुणेबुवांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालत असेल. पोरी कॉलेजात गेल्या असतील, एव्हाना तुझ्याहून उंच झाल्या असतील, म्हणजे त्यात काही मोठी मर्दुमकी नाही म्हणा.

एक विचारायचं होतं. तुमच्या मागच्या खोलीचं दार हल्ली चौकटीला घासतं का? खिडकीची कडी नीट बसते? घरामागे डोंगर कापून जी भिंत बांधलीय, तिच्यात पाणी जायला भोकं ठेवलीत. त्यांतून पाणी येतं का? स्वच्छ येतं की गढूळ? तुमच्याकडे दहा दिवस पाऊस हटलेला नाही असं ऐकतो.

आणि असं कर, महिनाभर सगळे माझ्याकडे या. निवृत्त झाल्यापासून तीन खोल्यांत मी एकटा भुतासारखा फिरतो. स्वयंपाक मी करीन. हसू नकोस, आता बरा करतो. शेजारच्यांच्या कुत्र्यानं सुद्धा परवा खाल्ला.

कधी निघताय ते कळव. लवकर कळव.

दादा


८ ऑगस्ट

बारके,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघत दारात उभा असतो. तो आता मला बघून सायकल जोरात मारतो.

‘सहज लिहितोय’ हे खोटं होतं. तुला ते पहिल्याच ओळीत कळलं असणार. मी आयुष्यात सहज म्हणून कुणाला पत्र लिहिलेलं नाही.

झालं असं. आमच्या कचेरीचं नमुन्यांचं गोदाम पाडतायत. तीस वर्षांत जिथे जिथे बोअर मारले, तिथून निघालेले दगडाचे गोल दांडे तिथे पेट्यांमध्ये रचून ठेवलेत. काय ठेवायचं आणि काय भंगारात घालायचं हे सांगायला मला बोलावलं होतं. गेल्या महिन्यात गेलो. छपरातून पाणी गळत होतं, पेट्यांना बुरशी. एका रांगेवर तुमच्या वस्तीचं नाव होतं. तुमची चौदा घरं बांधण्याआधी, डोंगराचा पायथा कापण्याआधी तिथे तीन बोअर मारले होते. त्यांचे दांडे. म्हटलं बघू या, बारकीच्या घराखाली काय आहे ते.

तुमच्या घराखाली समुद्र आहे. घाबरू नकोस, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे. तू लहानपणी विचारायचीस, दादा दगडात काय वाचतोस, आणि मी म्हणायचो, तुला नाही कळणार. आज सांगतो, नीट ऐक.

उथळ समुद्रात वादळ आलं की तळ ढवळून निघतो. मग आधी जड ते बसतं, म्हणजे फुटके शिंपले आणि भरड वाळू. त्यावर बारीक वाळू, आणि सगळं शांत झालं की सगळ्यात वर चिखल. प्रत्येक वादळाचा असा एक थर, खाली भरड, वर बारीक. वाळूवर लाटांच्या वळ्या उमटतात, त्यांचे माथे वर असतात. किडे वरून खाली बिळं करतात. म्हणजे दगड हातात घेतला की त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे तोच सांगतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा ओळखतो.

दुसऱ्या बोअरची नऊ नंबरची पेटी उघडली. त्यात तीन मीटरचा दांडा, तुकडे करून ओळीनं लावलेला. आणि बारके, त्यातलं सगळंच उलटं होतं. वळ्यांचे माथे खाली. बिळं खालून वर गेलेली. शिंपले वर, चिखल खाली. अख्खी पेटी ड्रिलवाल्यांनी उलटी भरली होती. ती तुकडी नवीन होती. आमचे लोक पेटी डावीकडून भरतात, त्यांनी उजवीकडून भरली, आणि खोली लिहिलेल्या लाकडी ठोकळ्यांपैकी एकच ठोकळा ठेवला होता. अशी चूक होते. ती पकडायची म्हणूनच तर वाचणारा माणूस असतो. त्या वाचणाऱ्या माणसानं ती पकडली नाही. वहीत तशीच उतरवून घेतली.

 तिथेच ओल्या फरशीवर बसलो.

कृपा करून महिनाभर तिथून हला. कारण पुढच्या पत्रात लिहितो, आधी जुनी वही पुन्हा तपासतो.

दादा


१३ ऑगस्ट

बारके,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी अक्षर बघितलं तुझं. पाचच शब्द. ‘तो वाचणारा माणूस कोण होता?’

मी.

आणखी कोण असणार? तुलाही ठाऊक होतं, माझ्याच हातानं लिहून घ्यायचं होतं तुला. घे. खाली सही माझी आहे. तारीख आहे, शिक्का आहे.

आता उलट्या पेटीनं काय बिघडलं ते सांगतो. पहिल्या आणि तिसऱ्या बोअरमध्ये चिकणमातीचा एक पट्टा होता, हातभर जाड, मऊ, आणि त्याच्या लगेच खाली शिंपल्यांचा थर. दुसऱ्या बोअरमध्येही तसाच पट्टा, पण मला तो त्यांच्यापेक्षा दोन मीटर जास्त खोल दिसला आणि शिंपले त्याच्या वर दिसले. मी म्हटलं, हा तो पट्टा नव्हेच. किनाऱ्यावरच्या वाळूच्या उंचवट्यांमधे डबकी असतात, त्यांत थोडाथोडा चिखल साठतो, तशी ही तीन वेगवेगळी डबकी. सलग काही नाही. डोंगर घट्ट आहे. पायथा कापायला हरकत नाही.

पेटी सरळ करून वाचली तर तिन्ही ठिकाणी एकच ओळ येते, बारके. खाली शिंपले, वर चिखल. समुद्र चढला, खोल झाला, आणि सगळीकडे एकसारखा चिखल बसला. ती डबकी नाहीत. तुमच्या डोंगराच्या पोटातून एक अख्खी चादर गेलीय, मऊ मातीची, आणि तिचा उतार तुमच्या घरांकडे आहे. कोरडी असते तोवर ती वरचं ओझं धरून ठेवते. भिजली की साबण. आणि पायथ्याचा आधार आपण वीस वर्षांपूर्वी कापून नेला.

काल कचेरीत गेलो होतो. तिथे आता एक तरुण इंजिनिअर बाई आहे, हुशार आहे, माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं कपाटातून फाईल काढली आणि माझाच अहवाल माझ्यापुढे ठेवला.

“सर, यात तुम्ही लिहिलंय, डोंगर सुरक्षित आहे.”

“चुकीचं लिहिलंय.”

“पण हे तुम्ही नोकरीत असताना लिहिलंय, शिक्क्यासकट. आणि आज तुम्ही...”

“आज मी रिकामटेकडा म्हातारा आहे.”

“मी तसं म्हटलं नाही, सर. पण साहेब म्हणतील, चौदा घरं रिकामी करायची तर नवीन बोअर मारून पुरावा द्या. आणि यंत्र पाऊस थांबल्याशिवाय चढवता येणार नाही.”

मी ओरडलो. माझं तुला माहीतच आहे. पाऊस थांबल्यावर पुरावा घेऊन काय करू, म्हटलं, लोणचं घालू? बिचारीचा चेहरा उतरला. मला लेखी द्यायला सांगितलं, तिथल्या तिथे दिलं. माझ्याच सहीच्या विरुद्ध माझी सही. मी इतका नावाजलेला होतो ना, की आता माझं मलाच खोडता येत नाहीये.

मेहुणेबुवांना काय सांगशील ते तुझं तू ठरव. सहा वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, भिंतीला ओळंबा लावून बघितला, दर पावसाळ्यात दोरा तांदळाच्या एका दाण्याएवढा सरकतो. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, तुम्ही काटे फिरवा, डोंगर मला शिकवू नका. सगळे हसले. ते ताटावरून उठले. तू मला दारापर्यंत पोचवायला आलीस आणि म्हणालीस, परत येऊ नकोस.

त्यांचा ओळंबा खरा होता.

निघा. मी हात जोडतो.

दादा


१७ ऑगस्ट

बारके,

मी तुमच्या इथे येऊन गेलो. तू ‘येऊ नकोस’ म्हणाली होतीस म्हणून घरी आलो नाही, वरच्या रस्त्यावरून डोंगरमाथ्यावर गेलो. या गुडघ्यांनी. दोनदा घसरलो, छत्री गेली.

वर तडा आहे. तुमच्या घरांच्या वर, डोंगराला अर्धगोल वेढा घालून. गवतात झाकलाय, पण पाय घातला की कळतं. दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकली आणि मधे दोरी ताणून गाठ मारली. दगडावर बसून डबा खाल्ला, म्हणजे खायचा प्रयत्न केला. दोन तासांनी दोरी तुटली होती. दोन तासांत, बारके. मी जवळ गेलो तर तड्याच्या पोटातून पाण्याचा आवाज येत होता. आजवर मी दगडांना कधी भ्यालो नाही. त्या आवाजाला भ्यालो.

वरून तुझं अंगण दिसत होतं. तू दोरीवर कपडे टाकत होतीस, एवढ्या पावसात, पत्र्याखाली. हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. भीती वाटली, हाक मारली तर तू वर बघशील आणि आत निघून जाशील. असा मूर्ख मी. डोंगर कोसळायला आलाय आणि मला तुझ्या रुसव्याची काळजी.

खाली उतरल्यावर टपरीवरून तुला फोन केला. धाकटीनं उचलला. आई आंघोळीला गेलीय म्हणाली. मामा बोलतोय म्हणालो तर हळूच म्हणाली, “बाबा म्हणतात, सरकारी कागद आल्याशिवाय कुठेही जायचं नाही. कागद तुमचाच आहे ना, मामा?” मी फोन ठेवला. या वेळी मी.

म्हणून एक गोष्ट सांगतो. ती न सांगता मरायचं असं ठरवलं होतं.

नऊ नंबरची पेटी मी कुठल्या दिवशी वाचली, ते वहीत लिहिलेलं आहे. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दुपारी दीडची गाडी होती, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी पोचता आलं नसतं. बाबा गेलेले, साक्षीदार म्हणून सही करायला तुझ्या बाजूनं मीच एक. सहा पेट्या राहिल्या होत्या. एका पेटीला तास द्यावा लागतो, मी सहाही मिळून तासाभरात उरकल्या. भिंग खिशातून काढलंच नाही. शिंपले वर दिसले, क्षणभर वाटलंही, हे कसं? मग घड्याळ बघितलं आणि ‘डबकं’ असं लिहून टाकलं.

तुला दोष देतोय असं समजू नकोस. तसं मनात आलं असतं तर मी माझंच थोबाड फोडलं असतं. गाडी चुकवून तुझा राग पत्करायचा, किंवा आल्यावर पेट्या पुन्हा उघडायच्या, दोन्ही माझ्या हातात होतं. आल्यावर म्हटलं, राहू दे, मी कधी चुकतो का? तू काही वर्षांनी त्याच वस्तीत घर घेतलंस तेव्हाही विचारलं होतंस, “दादा, जागा चांगली आहे ना?” आणि मी म्हणालो, “मी स्वतः तपासलीय.”

मी तपासली नव्हती, बारके. सरकारी कागदावर विसंबून पोरींना तिथे झोपवू नकोस. त्या कागदाचा जन्म कसा झाला ते आता तुला ठाऊक आहे.

दादा


२१ ऑगस्ट

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. हे उठले, दुकानाची हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाले, चला.

आम्ही नणंदेकडे आलो आहोत. पोरी बरोबर आहेत. पत्ता मागे लिहिला आहे.

निघताना मी तेराही घरी जाऊन सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्यांचं काय चुकलं? घरं घेताना मीच त्यांना तुझं नाव सांगून भरवसा दिला होता. माझा भाऊ मोठा तज्ज्ञ आहे म्हणून. आता म्हणतात, भावाबहिणीचं भांडण आहे, त्यात आम्हाला कशाला ओढता. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई तर म्हणाल्या, ज्यानं सही केली त्याला पाठवा, मग बघू.

तर तू जा. पत्रं मला लिहून काय उपयोग? मी बाहेर पडले. ते तेरा अजून आत आहेत. जे मला लिहिलंस ते त्यांच्या दारात उभा राहून सांग. सगळं सांग. घाईचंसुद्धा.


२४ ऑगस्ट, दुपारी तीन

बारके,

हे मी मास्तरीणबाईंच्या पलंगाशेजारी बसून लिहितोय. पाटीवर पेन्सिलीनं कागद ठेवून लिहितोय, म्हणजे कागद पाटीवर, पेन्सिल हातात, बघ, वाक्यसुद्धा सरळ येत नाही.

सकाळी आठला पोचलो. पहिल्या दारात सांगितलं. पेटी उलटी होती, मी बघितली नाही, बहिणीच्या लग्नाची गाडी पकडायची होती. तो माणूस टेंपो चालवतो. त्यानं माझी कॉलर धरली. धरली आणि सोडली, आत गेला आणि बायकोला म्हणाला, भांडी राहू दे, पोरांना घे. दुसऱ्या दारात मला शिव्या बसल्या. चौथ्या दारातली बाई रडायला लागली आणि रडता रडता तिनंच मला पाणी दिलं. सातव्या दारापासून मला सांगावंच लागलं नाही, बातमी माझ्या पुढे पळत होती. इंजिनिअर बाई स्वतःच्या जबाबदारीवर कचेरीच्या दोन गाड्या घेऊन आली. साहेबांना विचारलं का म्हटलं, तर म्हणाली, “सर, वरच्या तड्यात माझा हात कोपरापर्यंत गेला.”

एक वाजेपर्यंत बारा घरं रिकामी झाली.

राहिल्या मास्तरीणबाई. कमरेचं हाड मोडलंय, दीड महिना पडून आहेत. हे तू लिहिलं नव्हतंस. मुलगा परगावी. उचलायला गेलो तर किंचाळतात, दोघांना पेलतही नाहीत. स्ट्रेचरची गाडी बोलावलीय, वाटेत पाणी भरलंय म्हणून फिरून येतेय. साडेतीन-चार होतील. इंजिनिअर बाई रस्त्याच्या तोंडाशी गाडीची वाट बघत उभी आहे. मी इथे. कुणीतरी बसायला हवं ना.

त्या मला म्हणाल्या, “तुम्ही जा हो. मी शिक्षिका आहे, एकटं बसायची सवय आहे.” मी म्हटलं, बाई, मी फार भित्रा आहे, बाहेर पावसात एकटा उभा राहायला मला भीती वाटते. हसल्या. मग त्यांनी विचारलं, समुद्र खरंच होता का इथे? त्यांना सांगत बसलोय. वादळं, शिंपले, बिळं. मधेमधे झोप लागते त्यांना.

मागच्या भिंतीची भोकं मघापर्यंत वाहत होती, लालभडक. आता वाहायची थांबलीत. पाऊस तर चालूच आहे. याचा अर्थ मला कळतो, तुला सांगत नाही.

बारके, मी खूप घाबरलोय. मला वाटलं होतं, सगळं कबूल केलं की हलकं वाटेल. काही हलकं वगैरे वाटत नाही. फक्त कान आवाजाकडे लागलेत. टेंपोवाला शेवटची खेप न्यायला आलाय, त्याच्याजवळ हे देतो. तोही म्हणतोय, चला काका. गाडी येईपर्यंत बसतो, मग निघतोच.

दादा


२७ ऑगस्ट

दादा,

टेंपोवाल्यानं तुझं पत्र स्वतः आणून दिलं. त्याच्याकडून कळलं की तो निघाल्यावर वीस मिनिटांत डोंगर आला. आमचं घर गेलं. चौदाच्या चौदा गेली. गाडी पोचली होती, स्ट्रेचर दारातून बाहेर पडलं होतं, मास्तरीणबाईंचं डोकं पुढे होतं आणि मागची, पायाकडची बाजू तू धरली होतीस. त्यांना आणि गाडीवाल्यांना खरचटलंसुद्धा नाही. तू दाराशेजारच्या भिंतीखालून निघालास. श्वास चालू होता, एवढंच त्याला माहीत.

हॉस्पिटलात फोन लावला. नर्स म्हणाली, शुद्ध नाही, नातेवाईक कोण? मी म्हटलं, बहीण. ती म्हणाली, मग लगेच या. लगेच या असं त्या कधी म्हणतात ते मला माहीत आहे, दादा. आईच्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या.

आम्ही दोघं अकराच्या गाडीनं निघतोय. पत्राआधी मीच पोचेन. तरी लिहितेय, कारण तुझ्या पलंगाशी उभी राहिले की मला रडण्याशिवाय काही येणार नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचंय. मी म्हटलं होतं, जाऊन सांग. आत बसून राहा असं म्हटलं नव्हतं. हे तू मनानं केलंस. नेहमीसारखं, कुणाला न विचारता.

मी अजून माफ केलेलं नाही. माफ करायला वेळ लागेल, खूप लागेल, आणि तेवढा वेळ तू मला द्यायचास. ऐकतोयस का? मी येईपर्यंत कुठे जाऊ नकोस.

बारकी